रिकाम्या हाताने?

बद्रची लढाई (इ. स. ६२४) तुम्हाला तोंडपाठ असते, त्याआधीचे करार मात्र कुणी विचारतच नाही. ६२३ मध्ये हजरत पैगंबर (स.) कुरैशांच्या काफिल्याच्या शोधात वद्दानपर्यंत गेले. काफिला मिळाला नाही, पण बनू दमरा टोळीशी करार झाला : एकमेकांवर चढाई करायची नाही, शत्रूला मदत करायची नाही. पुढे उशैरा येथेही काफिला निसटला आणि बनू मुदलिज टोळीशी तह झाला. याला रिकाम्या हाताने परतणे म्हणायचे? आपल्याकडे बैलांवर मीठ-धान्य लादून फिरणाऱ्या बंजारा तांड्यांनाही वाटेत चारापाणी लागे. वाळवंटात तर विहीर ज्याची, वाट त्याची. माझ्या मते हे करार विजयाहून कमी नव्हते. कुरैशांचा शामकडे जाणारा रस्ता याच टोळ्यांच्या मुलखातून जात होता.