आईचं पित्त

नरकचतुर्दशीला आई पहाटे तीनला उठायची. बंब पेटवणं, उटणं भिजवणं, प्रत्येकाला तेल लावणं, देवपूजा, मग फराळाची ताटं. आधीचे चार दिवस चकल्या आणि अनारशांच्या कढईपुढे गेलेले असत. दुपारपर्यंत तिच्या पोटात चहाखेरीज काही नसे. मग ती माजघराचं दार लोटून, कपाळावर सुंठेचा लेप लावून, डोक्याला फडकं आवळून पडून राहायची. अंगणात मी फटाके वाजवत असे आणि प्रत्येक आवाजाला ती आत कळवळत असे. उलटी झाली की जरा उतार पडायचा. ‘तिला पित्त झालंय,’ असं आम्ही आल्यागेल्याला सांगायचो.

ती गेल्यावर काही वर्षांनी धाकट्या बहिणीला घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलो. सगळं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, ‘आईलाही असंच व्हायचं का?’ आईला अर्धशिशी होती हे मला त्या दिवशी कळलं.

यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग स्त्री-पुरुषांच्या मेंदूविकारांतल्या फरकावर आहे, त्यामागे हा प्रश्न आहे.

वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली अर्धशिशीने जवळजवळ सारखेच त्रासतात. पाळी सुरू झाली की चित्र पालटतं. प्रौढ वयात एका पुरुषामागे साधारण तीन बायकांना हा आजार असतो. पाळीच्या तोंडावर शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि नेमक्या त्या दोन-तीन दिवसांत अनेकींचं डोकं उठतं. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत पुष्कळजणींना आराम पडतो, पाळी जाण्याच्या सुमारास त्रास पुन्हा उसळतो आणि नंतर बहुतेकींचा शमतो. झोपमोड, उपाशी पोट, उग्र वास, प्रखर उजेड, मोठा आवाज हे सगळे त्याला चेतवणारे. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही ते सगळे एकट्या आईच्या वाट्याला देत होतो.

म्हणून बाईचा मेंदू नाजूक, असं कुणी समजू नये. कंपवात पुरुषांत सुमारे दीडपट आढळतो. एका डोळ्यामागे असह्य कळा आणणारी क्लस्टर डोकेदुखीही त्यांच्यातच जास्त. उलट मल्टिपल स्क्लेरोसिस बायकांत दुपटी-तिपटीने दिसतो. आजार दोघांनाही होतात. बाईचं दुखणं मात्र ‘पित्त’, ‘टेन्शन’, ‘नाटक’ या नावांखाली घरातच मुरतं.

घरातच कशाला, प्रयोगशाळेतही तेच झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1977 मध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ही भूमिका 1993 मध्ये बदलली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी तिथे 1992 च्या अखेरीस मंजूर झाली, स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत. बायकांच्या शरीरातून ते औषध हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवतानाही त्याचा अंमल उरू शकतो. म्हणून 2013 मध्ये त्यांची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणली गेली. वीस वर्षं बायका दुप्पट गोळी घेत होत्या. मी याला अन्याय म्हणतो.

दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळी घेतली तर त्या गोळीनेच डोकं दुखत राहू शकतं. आणि डोकं उठण्याआधी ज्यांना डोळ्यांपुढे नागमोडी, झळाळती रेघ दिसते, त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अशा स्त्रीने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेतली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. सणासाठी पाळी लांबवायची गोळीसुद्धा संप्रेरकाचीच असते. ती दुकानातून परस्पर आणून घेऊ नका.

वाचकहो, तुमच्या स्वयंपाकघरात दुधाचा खाडा मांडायला कॅलेंडर असेलच. त्यावर घरातल्या बाईचं डोकं ज्या ज्या दिवशी दुखेल त्या तारखेला खूण करा, पाळीची तारीख तिला लिहू द्या, आणि तीन महिन्यांची पानं घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा. यंदा पहाटे बंब दुसऱ्या कुणी पेटवा आणि पहिलं फराळाचं ताट तिच्यापुढे ठेवा.

– संपादक