गाढी नदीचे ऋण पनवेल केव्हा फेडणार?

पनवेल हे नदीने आणि खाडीने घडवलेले गाव आहे. माथेरानच्या डोंगररांगेत उगम पावणारी गाढी देहरंग, नेरे, विचुंबे अशी वाट काढीत पनवेल आणि नवीन पनवेल यांच्यामधून वाहते व खाडीला मिळते. बोरघाटाने देशावरून उतरणारा माल एके काळी याच बंदरात गलबतांवर चढत असे. बैलगाडीची चाके घडवणे हा येथील प्रमुख धंदा असल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये सापडते. नगरपालिका येथे १८५२ इतक्या लवकर स्थापन झाली, यावरूनच या बंदराचे महत्त्व ध्यानी यावे.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. शहर वाढले, परंतु ज्या पाण्यावर ते वाढले त्याची आठवण मात्र पुसट होत गेली. नगरपालिकेच्या मालकीचे देहरंग धरण गाळाने उथळ झाले आणि उन्हाळ्यात तळ दाखवू लागले. शहराची तहान भागवण्यासाठी बाहेरच्या यंत्रणांकडून पाणी विकत घ्यावे लागते, आणि घरची नदी मात्र सांडपाणी वाहून नेण्याच्या कामी लागते. हा व्यवहार कोणत्याही हिशेबात तोट्याचाच ठरेल.

शेजारच्या कासाडीची कथा अधिक विदारक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले आणि जगभरातील वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. जगाला कुतूहल वाटले. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांना मात्र त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पाणी नासले की मासळी जाते, हे त्यांना कोणत्याही अहवालाच्या आधी कळलेले असते. प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला तो या पोटाच्या प्रश्नातूनच.

नदीची उपेक्षा केवळ मासेमारांनाच भोवते असे नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तिने कोणाचा हुद्दा विचारला नाही. पात्रात भराव घालून मिळवलेली जमीन नदी व्याजासकट परत मागते.

मग यावर उपाय काय? पंजाबातील सुलतानपूर लोधी येथून वाहणारी काली बेई ही गुरू नानकदेवांच्या स्मृतीने पावन झालेली सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी. तिचाही नाला झाला होता. २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा आरंभली. लोकांनी स्वतःच्या हातांनी जलपर्णी व गाळ उपसला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गावांचे सांडपाणी नदीत न सोडता तळ्यांत निथळवून शेतीकडे वळवले. पुढे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी तेथे जाऊन हे काम पाहिले. कोकणातही उदाहरण आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या नागरिकांनी उपोषण करून वाशिष्ठीतील गाळाचा प्रश्न शासनासमोर ठामपणे मांडला आणि गाळ उपसण्यास गती मिळाली.

पनवेललाही हाच क्रम धरावा लागेल. आधी सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया, मग धरणातील व पात्रातील गाळ, त्यानंतर काठावरची झाडी. आणि सर्वांत शेवटी घाट, दिवे व बाकडी. सुशोभीकरण आधी आणि शुद्धीकरण नंतर, हा उलटा क्रम ठेकेदाराच्या सोयीचा असला तरी नदीच्या उपयोगाचा नाही. क्रम साधला तर धरणाची साठवण वाढेल, पुराचा धोका ओसरेल, गाळ शेतात जाईल आणि खाडीत मासळी परतेल.

कारखान्यांनी व पालिकेने आपले कर्तव्य करावे, यासाठी समाजाने आग्रह धरलाच पाहिजे. परंतु निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली भिरकावणारे हातही याच समाजाचे आहेत. नदीला माता म्हणणे सोपे. घरातील आईचे आजारपण मात्र वर्षातून एका दिवसाच्या स्वच्छता मोहिमेने बरे होत नाही. तिची शुश्रूषा रोज, आणि तीही घरच्यांनीच करायची असते.