लोणच्याची बरणी आणि कवटीचा तळ

परवा बऱ्याच दिवसांनी गणेशपुरीला मावशीकडे गेलो होतो. कुंडावर आंघोळ झाली, नित्यानंद बाबांच्या समाधीचं दर्शन झालं आणि जेवताना मावशीने लोणच्याची उंच चिनीमातीची बरणी पुढे ओढली. तळाशी चार फोडी उरलेल्या. पळीचं टोक डावीकडे न्यायचं तर दांडा उजवीकडे झुकवावा लागतो आणि तो लगेच बरणीच्या तोंडाला अडतो. मावशीची ती झटापट बघताना मला तिचंच ऑपरेशन आठवलं.

नातेवाईकांना ठाऊक आहेच. मावशीला उजव्या कानाच्या नसेवर, पार कवटीच्या तळाशी गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण वाढत होती. त्या काळात मी झोप उडाल्यामुळे रात्र रात्र वाचत बसायचो. त्यात एक गोष्ट सापडली: अशा खोल जागी अवजार फिरवायला किती वाव मिळतो, हे शल्यविशारद चक्क मोजतात. त्याला ते 'सर्जिकल फ्रीडम' म्हणतात.

पद्धत समजायला सोपी आहे. मृतदेहाच्या डोक्यात वाट उघडायची. अवजाराचं टोक आतल्या एका ठरलेल्या बिंदूवर टेकवायचं आणि बाहेरचा दांडा चारी दिशांना जाईल तितका न्यायचा. कडेच्या जागांची नोंद यंत्र घेतं. त्या जोडून जो आकार होतो त्याचे त्रिकोण पाडायचे आणि क्षेत्रफळ काढायचं, चौरस मिलिमीटरमध्ये. शाळेत तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं ते हेरॉनचं सूत्र इथे कामी येतं! जोडीला अवजार किती अंशांत कलू शकतं तेही मोजतात. अमेरिकेतल्या फीनिक्सच्या बॅरो संस्थेतल्या मंडळींनी २००२ साली कवटीच्या तळाकडे जाणाऱ्या तीन वाटा अशा मोजून शेजारी शेजारी मांडल्या.

मला हे फार आवडलं. 'या वाटेने हात छान चालतो' असं गुरूने सांगायचं आणि शिष्याने मान डोलवायची, त्यापेक्षा आकडा बरा.

पण आकड्याचेही खेळ असतात. बरणी तीच ठेवून दुप्पट लांबीची पळी घ्या. तोंडाशी कोन तेवढाच राहतो, पण दांड्याचं टोक चौपट जागेत फिरतं. म्हणजे अवजाराची लांबी सारखी नसेल तर दोन अभ्यासांची तुलना फुकट. २०२१ साली बॅरोच्याच लोकांनी क्षेत्रफळाऐवजी घनफळ मोजायची रीत सुचवली, त्यात ही अडचण बरीच दूर होते. शिवाय मृतदेहात रक्त येत नाही, मेंदू सुजत नाही, आणि वर्षानुवर्षं वाढून आजूबाजूचं सगळं सरकवून बसलेली गाठही नसते. असो, हे त्यांनाही माहीत आहे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. (मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. वाचकांतल्या डॉक्टरांनी खुशाल कान धरावा :) ) या मोजणीत जमेची बाजू आहे, नावेची नाही. वाव फुकट मिळत नाही. हाड काढावं लागतं, कधी नस सोडून द्यावी लागते.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. परळच्या केईएममधल्या डॉ. अतुल गोयल यांनी लाहेरी यांच्यासोबत १९९४ साली मानेचे पहिले दोन मणके पट्टी आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कवटीला अगदी लागून, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या शेजारचं काम. तिथे सांधा नीट दिसावा म्हणून गोयल दुसऱ्या मणक्याजवळची नसेची गाठ कापतात. त्यामुळे डोक्याच्या मागच्या भागात बधिरपणा येऊ शकतो. त्यांनी हे लपवलं नाही, लिहून ठेवलं आणि का परवडतं तेही सांगितलं. पुढे काहींनी ती नस न कापता बाजूला सारून काम केलं. वाद चालू राहिला, पण दोन्ही बाजू समोर ठेवून.

क्षेत्रफळांच्या तक्त्यातही मला हेच हवं. अमुक चौरस मिलिमीटर वाव वाढला, त्यासाठी अमुक हाड गेलं, अमुक नस गेली, असं एकाच ओळीत. नाहीतर मोठा आकडा म्हणजे चांगली वाट, असं वाचणाऱ्याला उगाच वाटतं.

मावशीच्या वेळी डॉक्टरांनी नेमकं हेच केलं. कागदावर दोन वाटा काढल्या. एक कानामागून, तिच्यात ऐकू येणं वाचायची आशा. दुसरी अंतर्कर्णातून. तिच्यात मेंदू फारसा न दाबता गाठीपर्यंत पोचता येतं, पण त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. मग मावशीलाच विचारलं, "त्या कानाने फोन घेता का?" ती म्हणाली, "दोन वर्षं झाली, नाही घेत." मग दुसरी वाट ठरली. किती जागा मिळते हा प्रश्न तिने विचारला नाही. मी विचारला होता, आणि डॉक्टरांनी मला तेवढ्यापुरतं उत्तर देऊन पुन्हा तिच्याकडे तोंड वळवलं होतं.

परवा जेवताना तिने मला नेहमीसारखं डाव्या हाताला बसवलं. उजवीकडे बसलेल्याला लोणचं दोनदा मागावं लागतं.