सभ्यता म्हणजे गप्प बसणे नव्हे

अमेरिकेत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांच्यातली दरी वाढली, म्हणून 'सभ्य संवाद' हवा, असे तिथली विद्यापीठे सांगत असतात. समाजशास्त्राची संशोधक म्हणून मला ते पटते. पण या सभ्यतेची किंमत कोण मोजतो, हे मी आधी विचारते.

१२ एप्रिल १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढले. वर्णभेदाविरुद्धची निदर्शने अवेळी आहेत, बाहेरच्यांनी चालवलेली आहेत. कोर्टात जा, संयम ठेवा, असा त्यांचा सल्ला. त्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. कोठडीत त्यांनी ते निवेदन वाचले आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला घेतले. त्यात शिवीगाळ नाही. प्रत्येक आक्षेपाला उत्तर आहे. पण लढा थांबवण्याची तयारी मात्र नाही.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. १९३७ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची टीका स्वतः छापली आणि तिला उत्तर दिले.

घरातल्या पहिल्या पदवीधरांना 'जरा सौम्य बोला' हे वर्गात, चर्चासत्रात ऐकावेच लागते. मीही ऐकले आहे. मित्रांनो, विरोधकाला पूर्ण वाचा. त्यातून आपले बळ वाढते. मात्र वाचणे म्हणजे मान्य करणे नव्हे, आणि सभ्य असणे म्हणजे मागणी पुढे ढकलणे नव्हे. संयम शिकवणाऱ्याला एवढेच विचारा: तुम्ही आमचे काय वाचले आहे?