हिशेबाची वही : बोट दीड वर्षानं, विमा याच पंधरवड्यात



हल्ली मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे क्रूझ. एके काळी आपली साठवलेली सगळी सुट्टी देशात जाण्यातच संपायची. आता मुलं कॉलेजला गेली, घराचे हप्ते अंगवळणी पडले, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला. मग कुणीतरी अलास्काच्या हिमनद्यांचे फोटो दाखवतं आणि वाटीतलं श्रीखंड संपायच्या आत सहा केबिन ठरतात. कधीच्या? पुढच्या उन्हाळ्याच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या! लवकर बुक केलं की शेजारशेजारच्या केबिन मिळतात आणि आत्ता भरायचं असतं ते फक्त डिपॉझिट.

"आणि विम्याचं काय?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं : "अहो, अजून दीड वर्ष आहे. विमानाची तिकिटं काढू तेव्हा बघू."

आजचा हिशेब या एका उत्तराचा. विमा घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण घ्यायचाच असेल तर तो निघायच्या तोंडावर नव्हे, पहिलं डिपॉझिट भरल्यापासून पंधरा दिवसांच्या आत घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. आणि त्याचं मुख्य कारण बोट नाही, देशातले आपले आई-वडील आहेत.

आधी पैसे कसे अडकतात ते पाहू. समजा, दोघांच्या केबिनचे ६,००० डॉलर आणि डिपॉझिट १,०००. उरलेले ५,००० बोट सुटायच्या साधारण तीन महिने आधी भरायचे असतात (लांबच्या सफरींना त्याहूनही आधी). तोपर्यंत रद्द केलं तर बऱ्याच बुकिंगचं डिपॉझिट परत मिळतं. सवलतीच्या दरातलं मात्र बहुधा मिळत नाही. शेवटचा हप्ता भरला की दंड पायरीपायरीनं वाढतो : आधी निम्मे पैसे जातात, मग पाऊण, आणि शेवटच्या काही आठवड्यांत सगळेच. याचा आलेख काढला तर कुणाही इंजिनियरला वाटेल, की पहिले पंधरा महिने धोका जवळजवळ नाहीच, मग विम्याची घाई कशाला? पैशांपुरतं ते खरंही आहे. पण विम्याचं घड्याळ वेगळं चालतं.

बहुतेक पॉलिसींत 'प्री-एक्झिस्टिंग कंडिशन', म्हणजे आधीपासूनचं दुखणं, वगळलेलं असतं. आधीपासूनचं म्हणजे कधीपासूनचं? पॉलिसी घेतली त्या दिवसापासून मागे ६० ते १८० दिवस मोजायचे (आकडा कंपनीगणिक वेगळा). त्या काळात ज्या दुखण्याची लक्षणं दिसली, तपासण्या झाल्या, उपचार झाले किंवा औषध बदललं, ते दुखणं आधीचं. ब्लडप्रेशरची तीच गोळी त्याच डोसनं वर्षानुवर्षं चालू असेल, तर सहसा हरकत घेत नाहीत. पण डॉक्टरांनी मध्येच डोस वाढवला, की ते दुखणं यादीत आलंच म्हणून समजा.

आणि खरी मेख पुढेच आहे. हा नियम फक्त प्रवाशांना लागत नाही, प्रवासाला न येणाऱ्या जवळच्या नातेवाइकांनाही लागतो. वडील साताऱ्यात आयसीयूमध्ये आहेत म्हणून आपण क्रूझ रद्द केली, तर कारण पॉलिसीत बसतं. पण कंपनी पहिला प्रश्न विचारते तो हा, की त्यांचं हृदयाचं दुखणं पॉलिसी घेण्याआधीचं होतं का? आता सांगा, सत्तरी-ऐंशीतल्या कुणाच्या आई-वडिलांच्या मागच्या सहा महिन्यांत एकही तपासणी झालेली नसते आणि एकही गोळी बदललेली नसते? आपल्या वयाच्या लोकांना प्रवास मोडावा लागतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या आजारपणामुळे नव्हे, घरून आलेल्या फोनमुळे. म्हणजे ज्या कारणासाठी विमा हवा, नेमकं तेच कारण वगळलं जायची भीती.

यातून सुटायची वाट कंपन्यांनीच ठेवलेली आहे. पहिली रक्कम भरल्यापासून ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी १४ ते २१, पॉलिसी घेतली, त्या दिवशी आपण प्रवास करण्याइतपत धडधाकट असलो आणि परत न मिळणारा सगळा खर्च विम्यात धरला, तर आधीच्या दुखण्याची अट सोडून देतात. याला 'वेव्हर' म्हणतात. ज्या पॉलिसींत तो असतो, तिथे बहुधा त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त तारीख पाळावी लागते. डिपॉझिट शंभराचं होतं की हजाराचं, परत मिळणारं होतं की नव्हतं, याच्याशी या घड्याळाला सहसा कर्तव्य नसतं. पहिला पैसा गेला की ते चालू!

"मग आत्ताच सहा हजारांचा विमा उतरवायचा की काय?" तर तसं नाही. बऱ्याच कंपन्या आज अडकलेल्या रकमेपुरताच विमा देतात. आत्ता १,००० चा घ्या, पुढे विमानाची तिकिटं काढली की त्यांचे वाढवा, शेवटचा हप्ता भरला की तेही वाढवा. प्रीमियम सफरीच्या किमतीच्या साधारण ४ ते १० टक्के असतो आणि वयाप्रमाणे चढतो; त्यामुळे सुरुवातीला थोडक्यात भागतं. मात्र प्रत्येक नवा खर्च भरल्यावर तोही ठरावीक दिवसांत कळवावा लागतो, नाहीतर वेव्हर हातचा जाऊ शकतो. तेव्हा त्या तारखा कालनिर्णयवर लाल शाईनं लिहून ठेवा. काही कंपन्या सुरुवातीलाच पूर्ण रक्कम मागतात. ते घेण्याआधी विचारा.

पॉलिसी हातात आली की 'फॅमिली मेंबर'ची व्याख्या तेवढी नीट वाचा. आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, मुलं सहसा असतातच. काका, मामा, मावशी काहींत असतात, काहींत नसतात. चुलतभाऊ-मावसबहिणींचा पत्ता बहुधा नसतो. आपल्यात कुणाला काकूनं लहानाचं मोठं केलेलं असतं, कुणाला आत्याच्या घरी राहून शिकता आलेलं असतं; पण ते नातं कंपनीच्या कागदावर उमटत नाही. ज्यांना हे लागू आहे त्यांनी कंपनीची निवड या एका कलमावर केली तरी चालेल.

रद्द करण्याइतकंच महत्त्वाचं आहे प्रवास अर्ध्यावर सोडणं. बोट जुनोच्या धक्क्याला आहे आणि पुण्याहून फोन आला, असं समजा. जुनो अलास्काची राजधानी खरी, पण बाहेरून तिथे येणारा मोटाररस्ताच नाही. निघायचं तर विमान नाहीतर बोट. तिथून सिॲटल, तिथून मुंबई, सगळी तिकिटं आयत्या वेळची. 'ट्रिप इंटरप्शन'मध्ये बऱ्याच पॉलिसी विम्याच्या रकमेच्या दीडपटीपर्यंत भरपाई देतात, ती अशाच वेळी कामी येते. पण दीडपट कशाची? आपण कळवलेल्या रकमेची. हजारावर थांबलात तर दीड हजारच.

आता थोडं आपल्या स्वतःच्या तब्येतीबद्दल. बोटीवर डॉक्टर असतो, छोटासा दवाखाना असतो. पण मोठं काही झालं तर पेशंटला किनाऱ्यावर हलवावं लागतं, आणि हेलिकॉप्टर किंवा विमानानं हलवण्याचं बिल पन्नास हजार डॉलरच्या वर सहज जातं. आपल्यातल्या पासष्टीपुढच्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं : मेडिकेअर सहसा अमेरिकेबाहेर चालत नाही. बोट अमेरिकेच्या बंदरात असेल किंवा तिथून सहा तासांच्या आत असेल, तरच त्याचा काही उपयोग होऊ शकतो. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल आधी आपल्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि विमा कंपनी नंतर पैसे देते. म्हणून क्रेडिट कार्डावर जागा ठेवा.

विम्यात काय बसत नाही, तेही पाहू. पहिलं, व्हिसा. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटींना अमेरिकेतल्या बंदरांमध्ये मनासारखी प्रवासी वाहतूक करता येत नाही. त्यामुळे सिॲटलहून अलास्काला जाऊन येणारी बोट कॅनडातल्या एखाद्या बंदराला, बहुतेकदा व्हिक्टोरियाला, थांबते. देशातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन निघालात तर त्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. एच-१ वर असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही लागतो. कागद नाहीत म्हणून धक्क्यावरूनच परत पाठवलं, तर साधी पॉलिसी एक पैसा देत नाही. शिवाय इथल्या अनेक पॉलिसी अमेरिकेच्या रहिवाशांनाच विकतात. पाहुण्या आई-वडिलांसाठी वेगळी चौकशी करावी लागते.

दुसरं, आधीच माहीत असलेलं संकट. कॅरिबियनला जाणाऱ्यांसाठी वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळाचं एकदा बारसं झालं, की त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ नसतं.

तिसरं, भीती. फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट ३,७११ माणसांसकट जपानमध्ये योकोहामाला अडकली आणि त्यांतल्या ७१२ जणांना कोविडची लागण झाली. ते पाहून ज्यांनी आपली सफर आपणहून रद्द केली, त्यांच्या साध्या पॉलिसीत 'भीती वाटली' हे कारण बसत नव्हतं. त्यासाठी 'कॅन्सल फॉर एनी रीझन' असं वेगळं कलम घ्यावं लागतं. त्यात साधारण ५० ते ७५ टक्के पैसे परत मिळतात, प्रीमियम बराच वाढतो आणि बहुधा निघायच्या ४८ तास आधी रद्द करावं लागतं. हे कलमही डिपॉझिटनंतरच्या त्याच दोन-तीन आठवड्यांत मिळतं, नंतर नाही.

दीड वर्षात आणखी एक गोष्ट होऊ शकते, ती म्हणजे बोटवाली कंपनीच बसते. जानेवारी २०२२ मध्ये 'क्रिस्टल क्रूझेस'ची मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग बुडाली आणि क्रिस्टलच्या सफरी बंद पडल्या. नाव नंतर दुसऱ्यांनी घेऊन पुन्हा चालू केलं, पण ज्यांच्या सफरी त्या वर्षी होत्या त्यांना त्याचं काय! बोटवाल्यांकडूनच बुकिंगबरोबर घेतलेला विमा सोयीचा असतो, पण त्यात त्यांचं स्वतःचं दिवाळं सहसा धरलेलं नसतं. बाहेरच्या पॉलिसीत हे कलम आहे का आणि ते किती दिवसांनी लागू होतं, ते पाहा.

शेवटी दोन घरगुती कामं. पॉलिसी आल्यावर दहा-पंधरा दिवस ती वाचून परत करायची मुभा असते आणि पूर्ण पैसे मिळतात. तेवढ्या दिवसांत ती खरोखरच वाचा. दुसरं, देशातल्या भावाला किंवा बहिणीला सांगून ठेवा, की आई-बाबांचे डॉक्टर कोण, औषधं कुठली, रिपोर्ट कुठे आहेत, याची एक फाइल घरात तयार असू दे. क्लेमच्या फॉर्मवर तिथल्या डॉक्टरांची सही लागते, आणि ऐन गडबडीत हॉस्पिटलमध्ये कागदांसाठी भावाला धावायला लावणं बरं नव्हे.

आम्ही विम्याचे एजंट नाही आणि कुठल्या कंपनीची शिफारसही करत नाही. सहा हजार डॉलर बुडाले तर वाईट वाटेल, पण आपण त्यातून सावरू. मात्र रात्री तीनला फोन वाजल्यावर "निघावं, की आठवडाभर थांबून बघावं" या विचारात दंडाचा आकडा शिरू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. तो आकडा आधीच बाजूला काढून ठेवता येतो आणि त्याची मुदत फक्त पंधरा दिवसांची असते. ज्यांनी नुकतंच डिपॉझिट भरलंय, त्यांनी पावतीवरची तारीख आजच पाहावी.

तूर्त इतकंच. शंका असतील तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा.