कुळकथा, वंशावळ आणि आपली लेखणी

पावसाळ्यात वैनगंगेची पातळी कारध्याला मोजली जाते आणि तो आकडा काठावरची सगळी गावे ग्राह्य मानतात. नदीच्या बाबतीत हे योग्यच आहे. गोंड कुळांच्या उगमाविषयी लिहिताना मात्र आपण मराठीचे अभ्यासक अशीच एका ठिकाणी रोवलेली पट्टी साऱ्या गोंडवनाला लावीत आलो आहोत. या सवयीविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने नागपूरच्या परिसरात एका परधानाकडून लिंगोची कथा उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून मरण पावले आणि रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे १८६६ मध्ये छापली. महादेवाने गुहेत कोंडलेले कोयतूर, निसटून काचिकोपा लोहागडाकडे गेलेले चौघे, पुढे लिंगोने केलेली सुटका आणि घालून दिलेली कुळव्यवस्था असा हा विस्तृत कथापट आहे. एका गायकाने, एका प्रसंगी, एका परकीय श्रोत्यासमोर सांगितलेले ते एक कथन होते. छापले गेल्यामुळे ते 'गोंडांची उत्पत्तिकथा' बनले. किंगरीवर गाणाऱ्या इतर परधानांची कथने मग 'पाठभेद' ठरली. मूळ कोणते आणि पाठभेद कोणता, हा निर्णय मुद्रणालयाने दिला, परंपरेने नव्हे.

काचिकोपा लोहागड म्हणजेच सालेकसा तालुक्यातील धनेगावजवळचे कचारगड, हे समीकरण आज सर्वपरिचित आहे. (१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे स्थळ आपल्याच भंडारा जिल्ह्यात होते.) मोतीरावण कंगाली आदींच्या प्रयत्नांतून माघ पौर्णिमेची तेथील यात्रा उभी राहिली आणि दूरदूरचे कोयतूर तेथे येऊ लागले. विखुरलेल्या समाजाला एक स्थळ मिळाले, ही घटना सामान्य नव्हे. तथापि श्रद्धेने निश्चित केलेले स्थळ आणि इतिहासाने सिद्ध केलेले स्थळ यांतील अंतर अभ्यासकाने विसरू नये. दुर्दैवाने आपले प्रबंध कचारगडाला कधी इसवी सनापूर्वीचा काळ बहाल करतात, कधी टॉलेमीच्या 'गोंडलोई'शी केवळ ध्वनिसाम्यावरून नाते जोडतात. 'गोंड' हे नावच मुळी इतरांनी दिलेले. ते लोक स्वतःला कोयतूर म्हणवतात. तेव्हा त्या नावाची व्युत्पत्ती कितीही मागे नेली, तरी कोयतुरांच्या उगमाचा ठाव तीतून कसा लागावा?

वस्तुतः उगम सांगण्याच्या दोन रीती या समाजात शेजारी शेजारी नांदल्या आहेत. एक राजदरबाराची. गढा-मंडल्याच्या हिरदेशाहाचा रामनगर येथील १६६७ चा संस्कृत शिलालेख यादवरायापासून पन्नासहून अधिक राजांची नामावली देतो. राज्यावरचा हक्क शाबीत करणे हे तिचे प्रयोजन. दुसरी रीत परधानाची. तिच्यात राजेही नाहीत आणि सनावळीही नाहीत. कोणते कूळ किती देवांचे, कोणाची सोयरीक कोणाशी व्हावी आणि कोणाशी होऊ नये, हे ती सांगते. आपण पहिल्या रीतीचे प्रश्न दुसरीला विचारतो आणि उत्तर मिळाले नाही की तिला दंतकथा म्हणून बाजूला सारतो.

येथे 'सगा' या शब्दाचा मराठी अर्थ वाचकाने मनातून काढावा. देवांच्या वा मूळ भावांच्या संख्येवरून ओळखला जाणारा कुळांचा गट म्हणजे सगा. एका सग्यातील कुळे परस्परांची भाऊबंद, म्हणून त्यांच्यात विवाह निषिद्ध. टेकाम कुळाचे नाते सागाशी, मरकामाचे आंब्याशी, अशी वृक्षचिन्हेही आहेत. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादेत चार, पाच, सहा आणि सात भावांचे सगे सुस्पष्ट आढळले (१९४८). त्याआधी रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मात्र उत्तरेकडे प्रामुख्याने सहा आणि सात देवांचे गट दिसतात, शिवाय एकच कूळ एकाहून अधिक गटांत नोंदलेले सापडते. हा त्यांचा गोंधळ, असे मी विद्यार्थिदशेत मानीत असे. आता मला तोच त्या ग्रंथाचा सर्वांत विश्वसनीय भाग वाटतो. स्थलांतर करून नव्या मुलखात आलेल्या कुळाने तेथील सोयरिकीच्या गरजेनुसार आपली जागा ठरवली असणार. कुळाचा इतिहास असेल तर तो या विसंगतींतच आहे.

हा वाद केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. जमातीच्या दाव्यांची छाननी कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सांगितले. त्यात रूढी, दैवते, विधी यांच्या आधारे 'आप्तभाव' तपासण्याची रीत आली. कारध्याच्या बाजूच्या एका गावातील माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी अशा चौकशीत 'आम्ही सहा देवांचे' असे सांगितले. समोरच्या पुस्तकात ते कूळ सातात होते. ती मुलगी दीड वर्ष हेलपाटे घालीत राहिली. पुस्तक मराठीतले होते, आणि त्याचे लेखक आपल्यासारखेच एक प्राध्यापक. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. न्यायालयाला जे उमगले ते आपल्या संशोधनपद्धतीत अद्याप उतरलेले नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. 'गोंडांत अमुक कूळ अमुक देवांचे' असे वाक्य यापुढे कोणत्याही प्रबंधात निराधार येऊ नये. कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणत्या कुळाच्या माणसाने, कोणत्या भाषेत सांगितले, हे त्याच ओळीत यावे. दोन गावांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही छापावीत. मार्गदर्शकांनी 'एकवाक्यता नाही' असा शेरा मारून प्रकरण परत पाठवण्याचा मोह आवरावा. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या परिशिष्टात कुळांची मोठी यादी आहे आणि तीत एकाही गावाचे नाव नाही. जुन्या वह्या काढून ती गावे एकेक करून भरण्याचे काम मी या उन्हाळ्यात सुरू केले आहे.