‘एक गृहस्थ’ आणि मी

धर्मगुरूने धर्मावर लिहावे. सोसायटीची लिफ्ट, भाडेकरूची अनामत आणि फ्लॅटचा दस्त हे त्याचे प्रांत नव्हेत, असे मला अलीकडे वारंवार ऐकविले जात आहे. निमित्त माझ्या पत्रकाचे. नवी मुंबईतील आमच्या धर्मग्रामात गेली काही वर्षे मी महिन्याला एक छोटेखानी निबंध लिहून चर्चच्या दाराशी ठेवीत असतो. विषय रोजच्या वागण्याचे असतात. घरकामाला येणाऱ्या बायांनी मालाच्या लिफ्टनेच ये-जा करावी, अशी पाटी एका इमारतीत पाहिली आणि तिच्यावर लिहिले, तेव्हा प्रथम कुजबुज झाली. घरखरेदीतील ‘काळ्या-पांढऱ्या’वर लिहिले, तेव्हा कुजबुजीचे आक्षेप झाले.

आक्षेपकांपैकी पहिल्या वर्गाला उत्तर देणे अवघड नाही. क्षुल्लक विषयांवर लिहिणे हे मराठीत थोरामोठ्यांनी केलेले काम आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकहितवादींनी जी शंभरावर पत्रे लिहिली, त्यांत लोकांच्या लग्नांतले, दानधर्मातले, आळसातले दोष काढलेले आहेत. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढले आणि त्यात स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही यावरही लेखणी चालविली. पुण्यातील विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. विषय खरोखर क्षुल्लक असता, तर कोणी जिवंत माणसाची तिरडी बांधण्याचा खटाटोप केला असता काय? आपल्यातच पाहायचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या पाण्यासाठी, झाडांसाठी आवाज उठविला, तेव्हा त्यांनाही वेदीकडे परत जाण्याचा सल्ला मिळालाच होता. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने तर १९६५ मध्येच, जी श्रद्धा आपण सांगतो आणि जे जीवन आपण रोज जगतो त्यांच्यातील फारकत ही या युगाच्या गंभीर चुकांपैकी एक होय, असे बजावून ठेवले आहे. ज्यांना लिफ्ट हा विषय धर्माबाहेरचा वाटतो, त्यांनी आपले भांडण माझ्याशी न मांडता त्या महासभेशी मांडावे.

दुसरा आक्षेप मात्र मला झोपू देईना.

घरखरेदीच्या त्या निबंधात मी लिहिले होते : ‘एक गृहस्थ’ जागेचा व्यवहार करतात, करारावर एक रक्कम लिहितात, दुसरी पिशवीतून देतात-घेतात आणि रविवारी न चुकता मिस्साला येतात. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रोख आगाऊ घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, हे त्यांना ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच तर पिशवी लागते. पत्रक निघाल्यानंतरच्या रविवारी आवारात एका भाविकाने मला बाजूला घेतले. चेहरा उतरलेला. “फादर, तो गृहस्थ म्हणजे मीच ना?”

वाचकांनी क्षणभर माझ्या जागी उभे राहून पाहावे. ते गृहस्थ माझ्याकडे पापनिवेदनाला येत होते की नव्हते, हेसुद्धा मी सांगू शकत नाही. ‘होय’ म्हणणे अशक्य. पण ‘नाही’ म्हणणेही तितकेच धोक्याचे. कारण आज एकाला ‘नाही’ म्हटले की उद्या दुसऱ्याच्या वेळी माझे मौन हाच ‘होय’ ठरेल. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ९८३ वे कलम पापनिवेदनातील गुप्ततेचा भंग शब्दाने वा अन्य कोणत्याही रीतीने करण्यास मनाई करते. त्यापुढचे ९८४ वे अधिक कडक आहे : गुप्त गोष्ट फुटण्याचा यत्किंचितही संभव नसला, तरी त्या ज्ञानाचा उपयोग निवेदन करणाऱ्याला जाच होईल अशा रीतीने करता येत नाही. सेमिनरीत ही दोन्ही कलमे आम्ही घोकली होती. त्यांचा धाक मला प्रथम कळला तो त्या आवारात, एका माणसाच्या थरथरत्या ओठांसमोर.

आता खरे सांगतो. तो ‘एक गृहस्थ’ मीच होतो. आमची वडिलोपार्जित जागा आम्हा भावंडांनी विकली, तेव्हा करारावर एक आकडा होता आणि पिशवीत दुसरा. दस्तावर माझीही सही आहे. पिशवीला मी हात लावला नाही, हे समाधान मी बरीच वर्षे जपले. माझ्या वाट्याचे पैसे आईच्या औषधपाण्याला गेले. त्यामुळे ते पांढरे झाले नाहीत. हे सारे मी तृतीयपुरुषी लिहिले. आपला झगा स्वच्छ राहावा म्हणून दुसऱ्याच्या अंगावर शिंतोडे जाऊ दिले, आणि त्याला वर नीतिनिबंध म्हटले!

आमच्या प्रवचनांतून तो अनामिक ‘एक मनुष्य’ पिढ्यान्‌पिढ्या वावरतो आहे. तो दारू पितो, तो व्याजाने पैसे देतो, तो सुनेला छळतो. तो कधी धर्मगुरू नसतो, ही गोष्ट भाविकांच्या लक्षात येत नसेल असे आम्ही समजतो की काय? कोणी नाथान संदेष्ट्याचा दाखला देईल. त्यानेही दावीद राजाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट परभारे सांगितलीच की! पण नाथान राजासमोर उभा राहिला आणि तो मनुष्य तूच, असे तोंडावर म्हणाला. तो गोष्ट सांगून घरी निघून गेला नाही. शिवाय दावीद त्याच्यापाशी पापनिवेदनाला गुडघे टेकीत नव्हता.

धर्मगुरूने स्वतःचे दोष चव्हाट्यावर मांडले तर भाविकांचा आदर उडेल, असे एका सहकारी धर्मगुरूंनी मला कळकळीने सुचविले. त्यांना मी संत ऑगस्टिनची आठवण दिली. सोळाव्या वर्षी मित्रांसह चोरलेल्या नासपतींची हकीकत त्याने लिहिली, तेव्हा तो हिप्पोचा बिशप होता. फळे खाण्यासाठी नव्हे, चोरीच्या मौजेसाठी चोरली, हेही त्याने लपविले नाही. शेजाऱ्याच्या बागेतील चार फळांवर इतके पानभर चिंतन! आमच्या आक्षेपकांनी त्यालाही विषय क्षुल्लक असल्याचे कळविले असते.

तो निबंध मी पुन्हा लिहिला. छापण्यापूर्वी, आणि या लेखापूर्वीही, थोरल्या बंधूंना वाचून दाखविला; कारण माझ्या ‘मी’मध्ये त्यांचीही सही होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “छाप. पण ‘मी’ कशाला? ‘आम्ही’ लिही. पापसुद्धा एकट्याच्याच नावावर घेऊन मोठा व्हायचंय का तुला?”

पत्रकात ‘आम्ही’ असे छापले. त्या रविवारी ते गृहस्थ दाराशी थांबले, पत्रक उभ्याउभ्या वाचले, चार घड्या घालून खिशात ठेवले आणि माझ्याकडे न पाहता बसथांब्याकडे निघून गेले.